अर्थिंगची पिन तोडू नका
संपादक साहेब, नमस्कार.
घरी ट्यूबचा (काचेच्या व्हॉल्व्हचा) गिटार अ‍ॅम्प बनवणारी पोरं पुण्यात तापकीर गल्लीत कॅपॅसिटर शोधताना भेटतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच, हम (स्पीकरमधून सतत घुमणारा आवाज) येतो. मग कोणीतरी सांगतं प्लगची अर्थिंगची पिन काढ, आणि ते काढतात पण! अहो, गिटारच्या तारा चेसिसलाच (धातूच्या सांगाड्यालाच) जोडलेल्या असतात, अर्थिंग नसताना, मेन्सची एक सुटी वायर चेसिसला लागली की २३० व्होल्ट थेट बोटांत. हे कृपया छापा.

हम शोधायचा तर आधी नीट ऐका. जाड, ५० हर्ट्झचा असेल तर संशय हीटरच्या (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेच्या) ६.३ व्होल्टच्या वायरींवर, त्या एकमेकींना घट्ट पिळून चेसिसच्या कोपऱ्यातून न्या, आणि ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅप (वाइंडिंगच्या मध्यातून काढलेली वायर) नसेल तर त्या दोन वायरींना १०० ओहमचा एकेक रेझिस्टर लावून त्यांचा मध्य ग्राउंडला द्या. १०० हर्ट्झचा, जरा खरखरीत असेल तर फिल्टर कॅपॅसिटर (डीसी पुरवठा सपाट करणारे) बघा. पहिली (गिटारचा सिग्नल सगळ्यात आधी घेणारी) प्रीअ‍ॅम्प ट्यूब काढल्यावर हम गेला तर दोष तिथेच किंवा तिच्या आधी. आणि हात घालण्याआधी प्लग काढून, कॅपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरवर शून्य बघाच, बंद अ‍ॅम्पमध्येही ३००-४०० व्होल्ट उरलेले असू शकतात.

- एक वाचक, पुणे