१९५१ च्या ट्रकचे दरवाजे व पत्रे सदोष बसवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुनी वाहने पुनर्बांधणी विभाग

विषय : शेव्हरोलेट ३१०० (१९५१) ट्रकच्या दरवाजांचे व केबिनच्या पत्र्याचे काम पुन्हा करून मिळण्याबाबत.

महोदय,

केबिनचे पत्राकाम, दरवाजे व मडगार्ड बसवणे आणि रंगकाम यांसाठी माझा वरील ट्रक अकरा महिने आपल्या कार्यशाळेत होता. तो ताब्यात घेऊन तीन आठवडे झाले. मडगार्ड आणि बॉनेट नीट बसले आहेत, रंगाची झळाळीही उत्तम आहे. माझी तक्रार दरवाजांबद्दल आहे.

डाव्या दरवाजाच्या पुढच्या कडेची फट वरच्या बाजूला ९ मिलिमीटर, तर खाली जेमतेम ३ मिलिमीटर आहे. मागच्या कडेला याच्या उलट स्थिती असून वरच्या कोपऱ्यात दरवाजा केबिनला घासतो आणि तेथील नवा रंग नखाएवढा उडाला आहे. दरवाजा अर्धा उघडून मागच्या खालच्या कोपऱ्याला धरून वर उचलला, तर केबिन जराही न हलता तो सुमारे ६ मिलिमीटर वर येतो. म्हणजे बिजागऱ्यांच्या पिना झिजलेल्याच आहेत. आपल्या कामाच्या नोंदीत मात्र त्या बदलल्याचे लिहिले आहे. खात्री करण्यासाठी मी खांबावरचा स्ट्रायकर (ज्यात दरवाजाचे लॉक अडकते तो भाग) काढून दरवाजा हलकेच लावून पाहिला, तेव्हा तो आपल्या जागेपेक्षा खाली टेकला. स्ट्रायकर असताना तो वर उचलला जातो, त्यामुळे दोष दिसत नाही, पण दरवाजा लावताना प्रत्येक वेळी त्याचे वजन लॉकवर येते. स्ट्रायकरचे काम बंद दरवाजा धरून ठेवण्याचे आहे, लोंबणारा दरवाजा उचलण्याचे नाही, हे आपल्या कारागिरांना मी सांगावे लागू नये.

मात्र केवळ पिना बदलून हे दुरुस्त होईल असे मला वाटत नाही. काम चालू असताना आपणच पाठवलेल्या छायाचित्रांत दोन्ही बाजूंच्या दरवाजाखालच्या गंजलेल्या पट्ट्या एकाच वेळी कापलेल्या दिसतात, दरवाजे भिंतीला टेकवून ठेवलेले आहेत आणि दरवाजाच्या चौकटीत आधाराचा एकही आडवा पाइप वेल्ड केलेला नाही. केबिनची ती पट्टी कापली की पुढचा आणि मागचा खांब एकमेकांपासून सरकू शकतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा आणखी ओढला जातो. म्हणूनच केबिन चॅसिसवर (ट्रकच्या खालच्या सांगाड्यावर) ठेवून तिचे बोल्ट आवळायचे, चौकटीला आधार द्यायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, नवी पट्टी आधी ठिपक्या-ठिपक्यांनी जोडून दरवाजा टांगून फटी पाहायच्या आणि मगच पूर्ण वेल्डिंग करायचे, असा क्रम असतो. तो येथे पाळलेला नाही.

वाकडी झालेली चौकट नंतर पुट्टीने सरळ दाखवण्याचा प्रयत्न झाला, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. डाव्या मागच्या खांबाच्या कडेवर लोहचुंबक धरतच नाही, म्हणजे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे, आणि तेथे बोटभर लांबीचा तडा गेला आहे. दरवाजा आपटण्याच्या कडेवर जाड पुट्टी टिकत नाही, ती गळून पडणारच.

दरवाजाच्या कडेने पाणी अडवणाऱ्या रबराचीही तीच गत आहे. दरवाजे रबराशिवाय जुळवून, रंगवून, शेवटी नवे जाड रबर चिकटवल्यामुळे दरवाजाचा खालचा मागचा कोपरा बाहेर ढकलला गेला आहे. दरवाजा लावून रबरात अडकवलेली कागदाची पट्टी तेथे घट्ट बसते, पण पुढच्या वरच्या कोपऱ्यात अलगद सुटून येते. पावसाचे पाणी तेथूनच आत येते.

उजवा दरवाजा तर मला न विचारता बदलला गेला आहे. या ट्रकच्या दरवाजांत पुढची लहान फिरती काच १९५१ मध्ये आली आणि बाहेरचे फिरवण्याचे हँडल जाऊन दाबायचे बटण १९५२ मध्ये आले, त्यामुळे ही लहान काच आणि फिरते हँडल दोन्ही असलेला दरवाजा ही १९५१ ची खूण आहे. आता माझ्या ट्रकच्या डाव्या बाजूला हँडल आणि उजव्या बाजूला बटण आहे. माझा मूळ दरवाजा फक्त खालच्या कडेला गंजलेला होता आणि तेवढा पत्रा बदलून तो सहज वाचला असता.

तरी माझा मूळ उजवा दरवाजा, त्याचे हँडल आणि जुन्या बिजागऱ्यांखाली दरवाजा जुळवण्यासाठी घातलेल्या पातळ पट्ट्या त्वरित परत कराव्यात. दरवाजाखालच्या दोन्ही पट्ट्या सोडवून चौकटी पुन्हा मापात आणाव्यात. पिना खरोखर बदलाव्यात. आणि रबरासह दरवाजे टांगून फटी मला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय रंगाला हात लावू नये. हे सर्व काम विनामूल्य व्हावे, आणि मूळ दरवाजा भंगारात गेला असल्यास तसे स्पष्टपणे लिहून कळवावे. फटींची मोजमापे व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
ट्रकमालक