जिन्यातल्या पेटीमुळे रोज तुटणाऱ्या इंटरनेटबाबत तक्रार

दिनांक : २५ जून २०२५
दादर (पश्चिम), मुंबई

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
इंटरनेट सेवा कंपनी

विषय : ऑफिसचं इंटरनेट रोज दोनदा तुटणं, सहा तक्रारी दुरुस्तीविना बंद करणं आणि जिन्यातल्या तुमच्या पेटीतला अडॅप्टर बदलणं याबाबत

महोदय / महोदया,

रानडे रोडजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं भाड्याचं ऑफिस आहे. जागा एकच, पण त्यात तीन व्यवसाय चालतात. मी जीएसटी आणि हिशेबाची कामं करते, शेजारच्या टेबलावर डीटीपी करणारे एक काका बसतात आणि खिडकीकडच्या भागात दोन तरुण आर्किटेक्ट. कनेक्शन माझ्या नावावर आहे. बिल आम्ही वाटून भरतो आणि आजवर एकदाही ते थकलेलं नाही.

२ जूनपासून हे इंटरनेट रोज तुटतंय. मी सहा वेळा तक्रार नोंदवली. सहाही वेळा ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे’ असा मेसेज आला. त्यातल्या तीन वेळा तर आमच्याकडे कोणी आलंच नव्हतं. उरलेल्या तीन वेळा तुमचा दुरुस्तीवाला मुलगा आला, त्याने राउटर बंद करून चालू केला, मोबाइलवर स्पीड टेस्ट काढून दाखवली आणि गेला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो नीट बोलतो, पाचव्या तक्रारीच्या वेळी तर भर पावसात भिजून आला होता. जाताना म्हणाला, “मॅडम, आत्ता नेट चालू दिसतंय तर मला तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करावंच लागतं.” माझी तक्रार या पद्धतीबद्दल आहे. बिघाड दिवसातून दोनदा येतो आणि माणूस भलत्याच वेळी येतो, मग त्याला काय सापडणार?

कॉल सेंटरवर दर वेळी वेगळं कारण ऐकायला मिळालं. तुमच्याकडे वापरणारे जास्त आहेत, तुमचं वायफाय कमकुवत असेल, यंदा पाऊस मे महिन्यातच आला त्यामुळे सगळीकडेच त्रास आहे. यातलं कोणतंही कारण खरं असू शकतं असं धरून आम्ही चौघांनी एका शनिवारी दुपारी बसून आधी आमच्या बाजूचं सगळं तपासलं. दोन चुका आमच्याच निघाल्या, त्या इथे मोकळेपणाने लिहिते.

पहिली चूक काकांच्या टेबलावर होती. त्यांच्या कोपऱ्यात वायफाय पोचत नाही म्हणून त्यांनी घरचा जुना राउटर आणून आमच्या राउटरला जोडला होता. तोही आपल्या परीने कॉम्प्युटरना पत्ते वाटत होता. ज्या मशीनला त्याच्याकडून पत्ता मिळायचा, ते बाहेर जाण्याचा रस्ता त्याच्याकडेच मागायचं आणि त्याच्याकडे रस्ताच नव्हता. त्यामुळे एकाच खोलीत एकाचं नेट चालू आणि दुसऱ्याचं बंद, असं व्हायचं. त्या राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद केलं, त्याला वेगळा पत्ता दिला आणि हा प्रकार त्याच दिवशी थांबला.

दुसरी चूक माझ्या केबलची. फायलींच्या लोखंडी कपाटाचा पाय त्या वायरवर आला होता. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि माझ्या मशीनवर मात्र कधीही ९४ च्या वर आकडा जात नव्हता. नेटवर्कच्या केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. एखादी जोडी दबून तुटली की जोडणी १०० वर उतरते, आणि १०० च्या जोडणीवर प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. नवी केबल टाकली, पूर्ण स्पीड आला. वायफायही २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेलं, कारण आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांचे सिग्नल २.४ वरच गर्दी करून होते.

एवढं केल्यावर आमच्या खोलीत दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तरीही सोमवारी सकाळी ११ वाजून ८ मिनिटांनी नेट गेलं.

तेव्हा मी दोनशे पानी वही घेतली आणि नोंदी ठेवायला लागले. एका कॉम्प्युटरवर दोन खिडक्या सतत उघड्या ठेवल्या. एकीत आमच्याच राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, पिंग (उत्तर येतं का हे बघणारा छोटा संदेश) आणि दुसरीत बाहेर गूगलच्या सर्व्हरला, म्हणजे ८.८.८.८ ला. हेतू साधा होता. दोन्ही थांबले तर दोष आमचा, बाहेरचाच थांबला तर दोष दाराच्या बाहेरचा. आठ दिवसांत पंधरा वेळा नेट गेलं. पंधराही वेळा आमचा राउटर एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर देत होता आणि बाहेरचं उत्तर पूर्ण बंद होतं. शिवाय दर वेळी राउटरवरचा तुमच्या वायरचा दिवा विझत होता. नुसता सर्व्हरचा त्रास असता तर तो दिवा विझला नसता. दिवा विझतो याचा अर्थ वायरच्या दुसऱ्या टोकाला जे उपकरण आहे, तेच बंद पडतंय.

वहीतल्या वेळा बघताना धाकट्या आर्किटेक्टच्या लक्षात आलं की सकाळचा खंड ११ च्या आसपास येतो आणि संध्याकाळचा साडेचार ते पावणेपाचच्या मध्ये. फक्त १८ जूनला सकाळचा खंड १२ वाजून १६ मिनिटांनी आला होता. त्या दिवशी आमचे वॉचमनमामा रजेवर होते आणि बदलीच्या माणसाने पाण्याचा पंप उशिरा लावला होता. हे मला आठवलं, कारण त्या दिवशी वरच्या मजल्यांवर पाणी नव्हतं आणि जिन्यात त्यावरून बोलाचाली झाली होती. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं आणि मामा ते दिवसातून दोनदा गच्चीवरच्या टाकीत चढवतात. सकाळी ११ ला आणि दुपारी साडेचारनंतर.

दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, दुपारी मी मामांना सांगून पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या लँडिंगवर तुमच्या पेटीसमोर उभी राहिले. राखाडी पत्र्याची पेटी, कुलूप नाही, दार तारेने बांधलेलं. दाराच्या फटीतून आतला नेटवर्क स्विच, म्हणजे इमारतीत सगळ्यांना इंटरनेट वाटणारं उपकरण, दिसतो. त्याचा अडॅप्टर एका एक्स्टेंशन बोर्डात बसवलाय, सैल राहतो म्हणून त्यावर काळी टेप गुंडाळलीय, आणि त्या बोर्डाची वायर खाली सोसायटीच्या कॉमन मीटरच्या बोर्डाला गेलीय. स्विचवर हिरव्या दिव्यांची ओळ लुकलुकत होती. मी वरून हाक मारली, मामांनी पंपाचा खटका दाबला. लँडिंगवरची ट्यूब क्षणभर मंद झाली आणि त्याच क्षणी ती हिरव्या दिव्यांची ओळ सगळीच्या सगळी विझली. मग एकेक दिवा परत लागायला सुरुवात झाली. ती ओळ पूर्ण परत लागायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले.

एकदाच्या प्रकारावर विश्वास ठेवू नये म्हणून दहा मिनिटांनी मामांना पंप बंद करून परत लावायला सांगितलं. या वेळी आर्किटेक्ट पेटीसमोर आणि मी वर राउटरसमोर, फोन चालू ठेवून. दोन्हीकडचे दिवे एकाच क्षणी गेले. पेटीला आम्ही हात लावलेला नाही. ती तुमची आहे आणि तुमच्या माणसाच्या गैरहजेरीत ती उघडणं बरोबर नाही, असं आम्ही चौघांनी ठरवलं होतं.

आमच्या इमारतीच्या इलेक्ट्रिशियनकडून कारण समजून घेतलं. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी ती नेहमीपेक्षा कित्येक पट करंट ओढते. पॅसेजची वायर जुनी, त्यामुळे तेवढ्यापुरता व्होल्टेज खाली येतो. चांगल्या अडॅप्टरमध्ये एवढा क्षण निभावून नेण्यापुरती साठवण असते. ती साठवण करणारा आतला कपॅसिटर सुकला की ती राहत नाही आणि स्विच बंद होऊन परत सुरू होतो. यात सोसायटीच्या विजेचा दोष आहे असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच सांगते. त्याच बोर्डावर सोसायटीच्या सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आहे. पंप लागताना तो एकदाही बंद पडलेला नाही. बोर्ड एकच, क्षण एकच, पडतो तो फक्त तुमचा अडॅप्टर. पहिल्या मजल्यावर शिवणक्लास चालवणाऱ्या बाईंचंही नेट याच पेटीतून आहे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “अकराला जातंच आमचं, येतं पुन्हा, म्हणून कोणाला सांगितलं नाही.”

आमचं मात्र दोन मिनिटांत येत नाही, आणि हा दुसरा प्रश्न आहे. स्विच परत लागल्यावर आमचा राउटर तुमच्या सर्व्हरवर नव्याने लॉगिन करायला जातो. सर्व्हरला आमचं आधीचं लॉगिन अजून चालूच दिसतं, म्हणून तो नवं नाकारतो. जुनं आपोआप सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं जातात. राउटरच्या नोंदीत हे नाकारलेले प्रयत्न ओळीने दिसतात. त्या पानांचे फोटो मी सोबत जोडले आहेत.

दहा-बारा मिनिटांनी काय बिघडतं, असं फोनवर मला एकदा विचारलं गेलं. २० जूनचं सांगते. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची ती शेवटची तारीख. समोर माझे एक व्यापारी अशील बसले होते, सत्तरीचे, साड्यांचं छोटं दुकान. रिटर्न तयार, ओटीपी त्यांच्या फोनवर आलेला, ते चष्मा वर करून एकेक आकडा मला वाचून दाखवत होते. चौथ्या आकड्याला नेट गेलं. चार वाजून एकेचाळीस मिनिटं. परत आलं तोवर लॉगिन निघून गेलं होतं आणि शेवटच्या दिवसाच्या गर्दीत पोर्टल उघडेना. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि कर बाकी असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, हे त्यांना माहीत आहे. ते उठून घरी गेले नाहीत. संध्याकाळी पावणेआठला माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रिटर्न भरलं गेलं, तोवर ते खुर्चीत फोन हातात धरून बसून होते. शुल्क लागलं नाही, पण त्या माणसाने माझ्यामुळे तीन तास जीव मुठीत धरून काढले आणि त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. काकांची छापखान्याला जाणारी मोठी फाइल ऐंशी टक्क्यांवर तुटून पुन्हा शून्यापासून चढवावी लागते, तेही आता साडेचारच्या आत पाठवायचं ठरवूनच काम करतात.

आमची मागणी अशी आहे. पेटीतला अडॅप्टर बदला आणि स्विचसाठी लहान यूपीएस बसवा. ती पेटीत ठेवायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी परवानगी दिली आहे, ती सोबत जोडली आहे. जुनं लॉगिन अडकून न राहता नवं लगेच घेतलं जाईल अशी सोय तुमच्या सर्व्हरवर करा. जूनच्या ९९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटीच्या बिलात खंडाच्या दिवसांची वजावट द्या. आणि माझ्या सहा तक्रारींपुढे ‘निवारण झालं’ असं जे लिहिलं आहे, ते दुरुस्त करा. पैशांपेक्षा या शेवटच्या गोष्टीची मला जास्त चाड आहे. तुमच्या नोंदीत सगळं सुरळीत दिसत असेल, तर या पेटीकडे बघायला कोणाला पाठवायची गरज तुमच्या वरिष्ठांना कशी कळणार?

दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण विनियम, २०१२ प्रमाणे मला प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक (नोंदणी क्रमांक) मिळाला आहे. सहाही क्रमांक सोबतच्या कागदावर आहेत. त्याच विनियमांनुसार तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाण्याचा मला हक्क आहे आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ३० जूनपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर मी अपील करेन आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करेन. दूरसंचार सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कनेक्शन ऑफिसचं असलं तरी मी एकटीने, पोटापाण्यासाठी हे काम करते. म्हणून मी ग्राहकच आहे, असं माझं म्हणणं आहे. तिथवर जायची वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण एक अडॅप्टर बदलायला अर्धा तास लागतो.

माणूस पाठवाल तेव्हा कृपया सव्वाचारला पाठवा. मामा साडेचारनंतर पंप लावतात. मी लँडिंगवर पेटीपाशी उभी असेन, वही माझ्याजवळ असेल. पंप लागेपर्यंत तेवढं थांबायला त्याला सांगा.

आपली विश्वासू,
खातेदार ग्राहक
(ग्राहक क्रमांक आणि संपर्क क्रमांक खात्यावर नोंदलेले आहेत)

सोबत : वहीतल्या नोंदींच्या प्रती, राउटरच्या नोंदींचे फोटो, सहा डॉकेट क्रमांक, सोसायटीचं परवानगी पत्र