त्रास नसतानाच तपासणी कशाला, याबद्दल

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी सीटी स्कॅन करून घे म्हटलं, तर फोनवर तू विषय झटकून टाकलास. ‘मला ना खोकला, ना दम लागत, मग सीटी कशाला?’ वहिनी शेजारीच होत्या म्हणून मी गप्प बसलो, पण ते मनातून जाईना. निवांत बसून वाच.

तुझ्या त्या ‘काही त्रास नाही’ मध्येच खरी मेख आहे. फुफ्फुसाच्या आतल्या भागात दुखणं कळवणाऱ्या नसाच नसतात. त्या असतात बाहेरच्या आवरणात. त्यामुळे आत गाठ वाढत असली तरी ती आवरणाला, छातीच्या भिंतीला किंवा मोठ्या श्वासनळीला भिडेपर्यंत पत्ता लागत नाही. शिवाय फुफ्फुसाची क्षमता एवढी, की थोडा भाग निकामी झाला तरी जिना चढताना जाणवत नाही. थुंकीतून रक्त, बसलेला आवाज, घटतं वजन, न थांबणारी खांदेदुखी ही लक्षणं दिसू लागतात तोवर बहुतेकदा आजार पुढे सरकलेला असतो. २०२२ साली जगभरात सुमारे २५ लाख लोकांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला आणि सुमारे १८ लाख लोक त्याने गेले. इतके बळी दुसरा कुठलाच कर्करोग घेत नाही. उशिरा सापडणं हे त्याचं फार मोठं कारण.

दरवर्षी ऑफिसच्या तपासणीत छातीचा एक्स-रे होतो आणि तो नॉर्मल येतो, असंही तू म्हणालास. त्यावर विसंबू नकोस, रे. बरगड्या, हृदयाची सावली, गळपट्टीचं हाड यांच्यामागे लहान गाठ सहज दडते. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांवर हेच तपासून पाहिलं. वर्षाला एक्स-रे काढून मृत्यू कमी झाले नाहीत. २०११ साली तो निष्कर्ष आला.

सीटीचं वेगळं. पडद्यावर हवेने भरलेलं फुफ्फुस काळं दिसतं आणि रक्तवाहिन्या पांढऱ्या. माऊसचं चाक फिरवत मी वरून खाली उतरतो, एकेक मिलिमीटरचा काप. वाहिनी असेल तर ती कापागणिक सरकत जाते, तिला फाटे फुटतात. गाठ मात्र चार-सहा कापांत उमटते आणि नाहीशी होते. दिवसभर हेच काम करत असूनही असा ठिपका दिसला की माझा हात थांबतो. मग मी त्याच्या कडा पाहतो. गुळगुळीत आहेत, की बाहेर बारीक रेषा फुटल्यात? आत चुना, म्हणजे कॅल्शियम, साचलाय का? एकसंध चुना साचलेली गाठ बहुतेक वेळा जुन्या संसर्गाची खूण असते.

याचा उपयोग किती, तेही मोजलेलं आहे. २०११ मध्येच अमेरिकेतला दुसरा मोठा अभ्यास आला. भरपूर सिगारेट ओढलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांचा कमी किरणमात्रेचा सीटी झाला, निम्म्यांचा एक्स-रे. वर्षाला एक, असे तीनदा. सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या अभ्यासात पुरुषांमध्ये ही घट दहा वर्षांत २४ टक्के भरली.

आता तुझा हिशेब. रोज वीस सिगारेटची किती पाकिटं गुणिले किती वर्षं, याला पॅक-इयर म्हणतात. तुझं रोज एक पाकीट, पंचवीस वर्षं, म्हणजे पंचवीस. अमेरिकेच्या २०२१ च्या शिफारशीप्रमाणे वय ५० ते ८०, किमान वीस पॅक-इयर, आणि सिगारेट चालू असेल किंवा सोडून पंधरा वर्षं झाली नसतील, तर दरवर्षी तपासणी करावी. तू चौपन्नचा, सोडून आठ वर्षं झाली. तिन्ही अटींत बसतोस. सोडलीस हे तुझ्या आयुष्यातलं फार मोठं काम, मला त्याचं आजही अप्रूप वाटतं. धोका त्याने खूप उतरतो आणि उतरत राहतो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका खाली येत नाही.

वहिनींनी कधी सिगारेट ओढली नाही, त्यांना ही तपासणी नको. न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, दुसऱ्यांच्या धुराने, प्रदूषित हवेने, कधी काहीच कारण सापडत नाही. म्हणून खोकला तीन आठवड्यांहून जास्त रेंगाळला तर त्यांनी डॉक्टरांकडे जावं.

तपासणीला दुसरी बाजूही आहे, ती तुझ्यापासून लपवणार नाही. त्या अमेरिकन अभ्यासात तीन फेऱ्या मिळून झालेल्या सीटींपैकी जवळजवळ एक चतुर्थांशांत काहीतरी संशयास्पद निघालं आणि त्या निष्कर्षांपैकी शंभरात पंचाण्णवांहून अधिक कर्करोग नव्हतेच. मधले महिने जीव टांगणीला लागतो. क्वचित सुई घालून तुकडा तपासावा लागतो, त्यात फुफ्फुसातून हवा गळू शकते. कधी असा कर्करोगही सापडतो, ज्याने त्या माणसाला आयुष्यात काहीच त्रास दिला नसता. किरणांची भीती मात्र फार बाळगू नकोस. निसर्गातून वर्षभरात आपल्याला मिळतात त्याहून साधारण कमीच मिळतात. हे सगळं धरूनही तुझ्यासाठी पारडं सीटीकडे झुकतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असताना सापडली तर पुष्कळदा फुफ्फुसाचा छोटा भाग काढून भागतं. शस्त्रक्रिया झेपत नसेल तर नेमक्या जागी किरणोपचार देता येतात. पसरल्यावर हे मार्ग जवळजवळ बंद होतात.

प्रत्यक्षात काय होतं? उपाशी राहायचं नाही, इंजेक्शन नाही. हात डोक्यामागे घेऊन झोपायचं, एकदा श्वास रोखायचा. नुकताच छातीत कफ झाला असेल तर काही आठवडे थांब, नाहीतर त्याचेच डाग दिसतात. नुसता रिपोर्ट घेऊन घरी येऊ नकोस, चित्रांची सीडीही माग आणि जपून ठेव. पुढच्या वर्षी मला किंवा कुणालाही आधी जुनी चित्रं शेजारी लावावी लागतात, कारण चार मिलिमीटरचा ठिपका वाढला की नाही, हे एकट्या नव्या सीटीवरून सांगता येत नाही. तारीख ठरली की कळव. चित्रं मी स्वतः पाहीन.

तुझा,
श्रीधर