हेडफोन घ्यायला निघालेल्या मित्रास

कोथरूड, पुणे

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अर्ध्याहून जास्त मजकूर नॉइज कॅन्सलेशनवाल्या, म्हणजे बाहेरचा आवाज मारणाऱ्या हेडफोनचाच आहे, म्हणजे तब्येत उत्तम असणार. मॉडेलांची एवढी मोठी यादी करून 'यातला कुठला घेऊ' म्हणतोस. एक नाव सांगून मोकळा झालो असतो, पण मग जन्मभर त्याचं खापर माझ्या डोक्यावर. त्यापेक्षा कसा बघायचा ते सांगतो, नाव तुझं तू ठरव.

आधी तुझी एक अपेक्षा मोडतो. कॅसेटवरून उतरवलेल्या जुन्या मैफलींची खरखर यानं जाणार नाही. नॉइज कॅन्सलेशन बाहेरचा आवाज मारतं, ध्वनिमुद्रणातला नाही. पहिल्या रांगेत खोकणारे गृहस्थ होते तसेच राहतील, कदाचित जास्तच स्पष्ट खोकतील.

हेडफोनवर बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतलं सर्किट त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करून कानाशी सोडतं आणि दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल लुएग नावाच्या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं होतं. पुढे १९७८ मध्ये बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून अमेरिकेला परतत होते. विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचं संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसल्या जागी गणितं मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा हेडसेट विक्रीला यायला मात्र १९८९ उजाडलं.

विमानाचं एवढ्यासाठी सांगितलं की खालच्या पट्टीतली, एकसारखी घरघर हेच या यंत्राचं खरं खाद्य. पंखा, एसी, पीएमपीच्या बसचं इंजिन, वनाझ-रामवाडी मेट्रोचा घोंघाट हे सगळं बरंचसं जातं. हॉर्न जात नाही. कुकरची शिट्टी जात नाही. बसमध्ये मागच्या सीटवर कोणी फोनवरून मुलीचं लग्न जमवत असेल तर ते स्थळ तुला सगळ्या तपशिलांसह कळतं, कारण भोवतीची घरघर गेल्यावर बोलणं उलट स्वच्छ ऐकू येतं. विसर्जनाच्या ढोल-ताशांबद्दल तर विचारूच नकोस.

याची एक गंमत घरीच बघायला मिळाली. आमची मुलगी शेजारच्या खोलीत रियाजाला बसते, मिरजेचा तानपुरा घेऊन. मी गाणं न लावता नुसताच हेडफोन घातला आणि कॅन्सलेशन सुरू केलं. खर्जाची तार जवळजवळ नाहीशी झाली. जवारीची, म्हणजे तारा घोडीवर घासून उठणारी झणझण तेवढी वर तरंगत राहिली आणि तिचा आवाज बारीक पण ठळक येत होता. अखंड, खालचा, न हलणारा नाद म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं कचराच. त्याला काय कळणार तानपुरा!

मग आपल्यासारख्यांनी हे घ्यावंच कशाला? विलंबितासाठी, म्हणजे संथ लयीतल्या गाण्यासाठी. आपल्या गाण्यात आवाजाची चढउतार केवढी असते बघ. मंद्रातली, खालच्या सुरांतली आलापी बसमध्ये ऐकूच येत नाही, म्हणून आपण आवाज वाढवतो. मग तानांना सुरुवात झाली की कान फाटतात. घरघर गेली की तीच आलापी कमी आवाजात पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक. त्याहून मोठ्यानं ऐकायचं तर तास झपाट्यानं कमी होतात. तू दिवसभर ऐकणारा माणूस, त्यामुळे माझ्या मते पैसे द्यायचे ते या एका गोष्टीसाठी.

दुकानात जाताना नेहमीचा चष्मा लावून जा. कानाभोवतीची गादी नीट टेकली नाही तर काडीच्या फटीतून बाहेरचा आवाज आत येतो, खर्ज निसटतो आणि मग महागातलं सर्किटही काही करू शकत नाही. अर्धा तास डोक्यावर ठेव. विक्रेता चुळबुळ करील, करू दे. कॅन्सलेशन सुरू केल्यावर काही जणांना कानांवर दाब येतो, खंडाळ्याचा घाट चढताना दडे बसतात तसा. तुला तसं होतं का, ते तिथेच बघ.

लावायचं तेही आपलंच, पाठ असलेलं. दुकानातलं ढणढण गाणं कुठल्याही हेडफोनवर भारीच वाजतं. ख्याल लाव आणि डग्ग्याकडे कान दे. बरेच लोकप्रिय हेडफोन खर्ज मुद्दाम फुगवून ठेवतात, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा गायकाच्या अंगावर येतो आणि चाट, म्हणजे तबल्याच्या काठावरचा टणक बोल, मात्र बोथट होते. ॲपमधल्या इक्वलायझरनं खर्ज थोडा उतरवून बघ. तरीही डग्गा जागेवर जात नसेल तर दुसरा माग.

कोडेकच्या, म्हणजे ब्लूटूथवरून आवाज आटवून पाठवायच्या पद्धतींच्या नावांना फार भुलू नकोस. त्यातला एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो हे खरं, पण तुझा फोन आयफोन. तो हेडफोनला एसबीसी किंवा एएसी हे साधे कोडेकच देतो, एलडॅक नाही. तेव्हा त्या शिक्क्याचे जास्तीचे पैसे कशाला? आणि कॅसेटच्या ध्वनिमुद्रणाला एएसी पुरून उरतो. बॅटरीचंही तेच. सेनहायझरचा मोमेंटम ४ एका चार्जवर ६० तास आणि सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ ३० तास चालतो, असं त्या कंपन्या सांगतात. तू ३० तास सलग जागा राहणार आहेस का? त्यापेक्षा गाद्या सुट्या मिळतात का ते विचार. घामानं त्यांचं आवरण सोलून निघतं, आणि आपल्याकडचा उन्हाळा काय कमी आहे? नातवाच्या कीबोर्डला लावायचा असेल तर वायर जोडून लाव. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यावर सूर जरा उशिरा उमटतो आणि पोराची लय जाते.

स्कूटरवर अजिबात घालू नकोस. लक्ष्मी रस्त्यावर पायी चालतानाही बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड लाव, नाहीतर काढून पिशवीत टाक.

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला येशीलच. खरेदी तोपर्यंत थांबव. माझा हेडफोन दोन दिवस वापरून बघ, मग आपण दोघं दुकानात जाऊ. घासाघीस मी करीन. फक्त डोक्याला तेल लावून येऊ नकोस, गाद्यांना डाग पडतात.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक