हमामात्सूच्या ओयाजीसानना, बाबांच्या राजदूतबद्दल

आदरणीय ओयाजीसान,

सप्रेम नमस्कार.

बाबांची राजदूत ३५० मोटारसायकल परवा पन्हाळा चढून आली. वाटेत कुठंही न थांबता. गडावर गाडी स्टँडला लावून बाबांनी मला व्हिडिओ कॉल केला आणि पहिलं वाक्य तुमच्यासाठीच बोलले, "तुझ्या त्या मिस्त्रींना माझा नमस्कार सांग." नमस्कार मी त्याच संध्याकाळी फोनवर कळवला. पण तेवढ्यानं माझं मन भरेना, म्हणून हे पत्र.

पत्र मराठीत लिहितो आहे. दुकानात येईन तेव्हा जपानीत वाचून दाखवीनच. पण कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे ही गाडी जिवापाड सांभाळणारी बरीच मंडळी आहेत. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं. त्यातलं निम्मं तरी त्यांच्या गाड्यांच्या कामी येईल.

त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगतो. ओयाजीसान म्हणजे तुम्ही, जपानमधल्या हमामात्सूत जुन्या मोटारसायकलींचं दुकान चालवणारे वडीलधारे मिस्त्री. यामाहाची आरडी ३५० १९७३ साली आली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, सहा गिअर, सुमारे ३९ हॉर्सपॉवर. तीच गाडी एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून भारतात 'राजदूत ३५०' म्हणून काढली. मायलेजच्या हिशोबानं ताकद कमी केलेली होती. आधीच्या 'हाय टॉर्क'मध्ये साडेतीस हॉर्सपॉवर, नंतरच्या 'लो टॉर्क'मध्ये सत्तावीस. बाबांची १९८६ ची, म्हणजे लो टॉर्क. मोबाइलवर तिचा फोटो दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पुढच्या चाकावर बोट ठेवलंत आणि विचारलंत, "इथली डिस्क कुठं गेली?" भारतात पुढंही ड्रम ब्रेकच यायचा हे ऐकून तुम्ही कितीतरी वेळ फोटो मोठा करून बघत होतात. तुम्ही उमेदवारी करत होतात त्या काळात नव्या कोऱ्या पाहिलेल्या गाडीची एक बहीण कोल्हापुरात निघाली, याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. माझी भीड तिथंच गेली.

आमचं दुखणं साधं वाटायचं, पण सुटत नव्हतं. डावा पिस्टन चिकटायचा. इंजिन खोलायचं, बोअर करायचं, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा कापायचा, नवा पिस्टन घालायचा, आणि रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीचं जपून चालवणं, संपायच्या आत पुन्हा डावाच चिकटायचा. उजवा ठणठणीत. शहरातल्या एका दुकानानं सीलबंद खोक्यातले 'ओरिजनल' पिस्टन भरपूर पैसे घेऊन दिले, तेही टिकले नाहीत. आमचे मिस्त्री हाडाचे कारागीर आहेत. त्यांनी ऑइल पंप तपासला, कार्ब्युरेटर धुतला, टायमिंग पुन्हा पुन्हा लावलं. शेवटी बाबांनी गाडीवर कापड टाकलं आणि तिच्याबद्दल बोलणंच सोडून दिलं. ते मला फार लागलं. याच गाडीच्या टाकीवर बसून मी रंकाळ्याला चकरा मारल्या आहेत.

मी नोकरीनिमित्त हमामात्सूत राहतो. होंडासाहेब याच भागातले. १९४६ साली त्यांनी लष्कराची उरलेली जनरेटरची इंजिनं सायकलींना बसवली तीही इथंच. सुझुकीचं मुख्यालय इथं, आणि तेनर्यू नदी ओलांडली की इवातात यामाहाचं. अशा गावात राहून बाबांची यामाहा बंद पडलेली असावी हे मला पटेना. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं तुमचं दुकान सांगितलं.

हिवाळा होता, एन्शूचा, म्हणजे या भागाचा, तो कोरडा वारा अंगात शिरत होता. दुकान कसलं, घराच्या पुढच्या अंगाला काढलेली एक लांबट शेड. मधे रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली. एका रॅकवर इंजिनाच्या केसिंग, दुसऱ्यावर बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरात पार्टनंबर. नंबरांतली मेख तुम्ही मला तिथंच समजावलीत. पहिले तीन आकडे मॉडेलचे, मधले पाच तो पार्ट कोणता ते सांगणारे, शेवटचे दोन नंतरच्या बदलांचे. मधे ११६३१ असेल तर स्टँडर्ड पिस्टन, ११६३५ पहिला ओव्हरसाइझ, म्हणजे बोअर केलेल्या सिलिंडरसाठी किंचित मोठा, ११६३६ दुसरा. हे एकदा कळल्यावर इंटरनेटवर कुणी काय विकतं आहे ते मला वाचता यायला लागलं. मला हवे होते ते, ०.५० मि.मी. ओव्हरसाइझचे दोन पिस्टन, तुमच्याकडे होते. डबा तुम्ही काउंटरवर आणून ठेवलात, आणि त्यावर हात ठेवून म्हणालात, "आज नाही देणार. आधी सांग, तो का चिकटतो?"

ओयाजीसान, त्या एका वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे. मी पैसे घेऊन उभा होतो. माल तुमच्याकडे होता. असला माल पुन्हा तयार होत नाही, आणि तुम्ही सांगाल ती किंमत मी दिली असती. ते पिस्टन कोल्हापूरला गेले असते आणि महिन्याभरात भंगारात पडले असते. तुम्ही ते पडू दिले नाहीत.

मग तुम्ही एकेक विचारत गेलात. दोन्ही प्लगचा रंग कसा? डावा पांढुरका, उजवा तपकिरी. ओरखडे पिस्टनच्या कुठल्या अंगाला? बाबांनी फोटो पाठवले होतेच, ते तुम्ही भिंग लावून पाहिलेत. आणि तिसरा प्रश्न आजवर आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येते, की थोडा वेळ तशीच राहते? मी तिथूनच बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "सिग्नलला उभं राहिलं की गाडी आपोआप रेस होते, मी कधीचं सांगतोय, पण कार्ब्युरेटरचं असेल म्हणून सोडून दिलं." तुम्ही मान डोलावलीत आणि बिलाच्या पाठीमागे क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं, चित्र काढलंत.

ते चित्र मी जपून ठेवलं आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक ऑइल सील, म्हणजे रबराच्या कडेची चकती. उजव्या टोकाला क्लचची बाजू, तिथं तेल असतं. तिकडचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि उजव्या सायलेन्सरातून पांढरा धूर सोडतं, म्हणजे दोष डोळ्यांना दिसतो. डाव्या टोकाला वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटची बाजू, ती कोरडी. तिकडचं सील गेलं तर इंजिन नुसती हवा ओढतं. धूर नाही, गळती नाही, काहीच दिसत नाही. पण पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होते. डावा पिस्टन तापतो, फुगतो, चिकटतो. पिस्टन कितीही उत्तम घाला, तो मरणारच.

हे सिद्ध कसं करायचं तेही तुम्हीच सांगितलंत. सायलेन्सर काढून एक्झॉस्टचं तोंड बंद करायचं, कार्ब्युरेटर काढून तिकडचंही बंद करायचं, आणि आत सुमारे सहा पीएसआय दाबानं हवा भरून सहा मिनिटं काटा बघत बसायचं. दोन्ही सिलिंडरांची क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पोकळी, आतून वेगळी असते, म्हणून एकेक बाजू स्वतंत्र तपासायची. कोल्हापुरात त्यासाठीचा पंप नव्हता. मिस्त्रींनी गल्लीतल्या डॉक्टरांकडून बीपी मोजायचं जुनं मशीन मागून आणलं. ३०० चा आकडा म्हणजे जवळजवळ सहा पीएसआयच. सायकलच्या ट्यूबचे तुकडे, जाड बोल्ट आणि क्लिपा लावून तोंडं बंद केली. उजवीकडं काटा हलला नाही. डावीकडं मिस्त्रींनी बल्ब दाबून ३०० वर नेला आणि हात काढताच काटा भराभरा खाली आला. मॅग्नेटचं कव्हर उघडून साबणाचं पाणी सोडलं, तर सीलच्या कडेनं बुडबुडे. मी हे सगळं फोनवर बघत होतो. मिस्त्री बराच वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले, "त्यांना म्हणावं, सापडला."

आता सील. यामाहाच्या जुन्या खोक्यातलं, कधीही न वापरलेलं एक सील तुमच्या रॅकवर होतं. ते बघून मी हरखलो. तुम्ही ते बाहेर काढलंत, त्याची कड माझ्या अंगठ्यानं दाबायला लावलीत आणि शेजारी नव्यानं बनवलेलं सील ठेवलंत. जुन्याची कड नखाला टणक लागत होती, नवं अलगद वाकत होतं. खोक्यात पडून राहिलं तरी रबराचं वय होतच असतं, हे तुम्ही मला बोलून नाही, हातानं शिकवलंत. पिस्टन जुन्या साठ्यातला चालेल, सील मात्र नवंच हवं. आमच्याकडे 'ओरिजनल' म्हटलं की लोक डोळे मिटून पैसे मोजतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे. बाबांच्या गाडीचं सीलही फार वापरानं गेलेलं नव्हतं. मधली काही वर्षं गाडी नुसती उभी होती, त्यात ते वाळलं.

यानंतरच तुम्ही पिस्टन दिलेत, आणि बरोबर मिस्त्रींसाठी एक कागद. बोअर आकड्यावर नाही, पिस्टनवर करायचं. म्हणजे ६४.५० मि.मी. लिहिलंय म्हणून थेट तेवढं कापायचं नाही. आधी दोन्ही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचे, स्कर्टच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाच्या, तळापासून १० मि.मी. वर, पिनच्या काटकोनात, आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनला जोडून कापायचा. तो कागद मी भाषांतर करून पाठवला. शिवाजी उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्यांनी तो दोनदा वाचला आणि मिस्त्रींना सांगितलं, "पिस्टन ठेवून जावा, घाई करू नका." उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचा कारखान्यांचा भाग. तिथले लेथवर काम करणारे हात तुम्हाला एकदा दाखवायचे आहेत. तुमचं आणि त्यांचं भाषेवाचून जमेल याची मला खात्री आहे.

निघताना तुम्ही स्वतःच्या ड्रॉवरमधला एक स्क्रूड्रायव्हर माझ्या पिशवीत टाकलात आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. जपानी गाड्यांच्या कव्हरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात, बाजारातला साधा फिलिप्स त्यांत नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खातो. बाबांच्या इंजिनाचे निम्मे स्क्रू त्यामुळंच गोल झाले होते आणि दर वेळी छिन्नीनं काढावे लागायचे. तुमच्या स्क्रूड्रायव्हरनं एकही घसरला नाही. मिस्त्री तो आता वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, पोरांना हात लावू देत नाहीत.

ओकुसानचेही, म्हणजे तुमच्या पत्नीचेही, आभार मानायचे आहेत. मी दर वेळी दुकानात बराच वेळ काढायचो, आणि दर वेळी त्या आधी मला स्टोव्हजवळ बसवायच्या, चहा द्यायच्या आणि मग बाबांची चौकशी करायच्या. गाडीची नाही, बाबांची. परदेशात राहणाऱ्या माणसाला ते किती लागतं हे त्यांना ठाऊक आहे असं मला वाटतं.

तुमच्यासारखी दुकानं कमी होत चालली आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. तुमच्या हाताखाली कुणी नाही. कंपन्या जुने पार्ट कधी ना कधी बंद करतात, त्यात त्यांचा दोष नाही. पण चिकटलेल्या पिस्टनवरून सीलपर्यंत पोचायची जी वाट तुमच्या डोक्यात आहे, ती कुठल्याच पार्टबुकात छापलेली नाही. म्हणून तुमची परवानगी असेल तर तुम्ही काढलेलं क्रँकचं चित्र, प्रेशर टेस्टची पद्धत आणि बोअरिंगचा तो कागद, हे सगळं मराठीत नीट लिहून आमच्याकडच्या गॅरेजांत वाटायचं आहे. मिस्त्रींनी सुरुवात केलीच आहे. सांगलीची एक राजदूत त्यांच्याकडे आली होती, उजव्या सायलेन्सरातून पांढरा धूर. त्यांनी कुणाला काही न विचारता बीपीचं मशीन काढलं.

बाबांचे दोन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं तेवढी कळवा. पन्हाळ्याहून आल्यावर डावा प्लग आता उजव्यासारखाच तपकिरी आहे, फोटो सोबत जोडला आहे. तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारा मेन जेट आहे तोच ठेवायचा ना? आणि उजव्या बाजूचं सील अजून टेस्टला टिकतंय, पण इंजिन परत कधी खोललं तर तेही बदलून टाकावं का? मी शनिवारी दुपारी येतो.

आपला ऋणी,
कोल्हापूरच्या राजदूतवाल्यांचा मुलगा