वडगाव कुठलं, फ्रांकफुर्ट कुठलं?

महोदय,

आम्ही वडगाव बुद्रुकचे. पार्सल मात्र वडगाव शेरीला जातं, महिन्यातून एकदा तरी. सिंहगड रस्त्यावरून नगर रस्त्यापर्यंत ते आणायला मीच जाते, पासष्टाव्या वर्षी, दोन बस बदलून.

जर्मन शिकणाऱ्या नातीला हे सांगितलं तर ती हसली. तिकडेही तेच, म्हणे. मोठा विमानतळ असलेलं फ्रांकफुर्ट माइन नदीवर, पश्चिमेकडे; दुसरं थेट पोलंडच्या सीमेवर, ओडर नदीकाठी. म्हणून नावापुढे नदी लावतात. आपलं बुद्रुक-खुर्द तरी दुसरं काय आहे! फ्रांकफुर्ट म्हणजे फ्रँक लोकांचा नदीउतार, हेही तिनेच सांगितलं.

आडनावांचं तर विचारूच नका. म्युलर हे जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. अर्थ साधा, धान्य दळणारा. आपल्या पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनाच्या नावातले म्युलर १८२३ साली देसाऊत जन्मले, ऋग्वेद छापला आणि भारतात एकदाही आले नाहीत. २००९चं साहित्याचं नोबेल मिळालेल्या हेर्टा म्युलर रोमानियात जन्मल्या. फुटबॉलवाले गेर्ड आणि थॉमस म्युलरही एकमेकांचे कोणी नव्हेत. सगळ्यांचे पूर्वज गिरणीवाले असतील, पण गिरण्या वेगळ्या!

तेव्हा विनंती एवढीच, की बातमीत नुसतं ‘वडगाव’ छापू नये. परवा ‘वडगावात उद्या पाणी नाही’ वाचून मी पिंप भरून ठेवलं. बातमी मावळातल्या वडगावची होती.

— एक निवृत्त शिक्षिका, वडगाव बुद्रुक, पुणे