लेबर रूमच्या दाराबाहेरून: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

साहेब, मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्य सेविका, म्हणून काम करते. गरोदर बाईची नोंद, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफीची तारीख, सगळं मी बघते. अवघड केस असली की सावळघाट ओलांडून तिच्याबरोबर नाशिकला येते. आणि लेबर रूमच्या दाराशी मला सांगतात, "ताई, तुम्ही बाहेर थांबा."

गेल्या पावसाळ्यात एक १९ वर्षांची पहिलटकरीण होती. घरात कोकणा बोली. जोर कधी लावायचा आणि कधी दम धरायचा, हे तिला उमगतच नव्हतं. तिच्या हाका मला बाकावर ऐकू येत होत्या. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण सातव्या दिवसाच्या गृहभेटीला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, तू कुठं होतीस?"

सिस्टरांना मी दोष देत नाही. बाळाचे ठोके बघायचे, इंजेक्शन द्यायचं, कागद भरायचे, त्यात एकीचाच हात धरून किती वेळ बसणार? ते काम वेगळ्या बाईचं आहे. शहरात तिला डूला म्हणतात. ती तपासत नाही, औषध देत नाही. कळ आली की कंबर दाबून धरते, कुशीवर वळवते, चालवते, घोटभर पाणी पाजते, डॉक्टरांचं बोलणं बाईच्या बोलीत सांगते. आमच्या पाड्यांवरच्या सुइणी हेच करायच्या. बाळंतपणं दवाखान्यात आणली ते बरंच झालं, अंगावरून रक्त जायला लागलं तर घरी काय करणार? पण सुईण मागे राहिली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही.

बाई घाबरली की कळा मंदावतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. २०१७ साली कॉक्रेन या, जगभरचं वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र तपासले, त्यात १५ हजारांवर बायका होत्या. सतत सोबत असली की नैसर्गिक बाळंतपणं वाढतात, सिझेरियन कमी होतात, कळांचा वेळही थोडा घटतो, असं त्यात दिसलं.

केंद्राने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत एका नातेवाईक बाईला आत सोडायचं ठरवलं. तरी दार उघडत नाही. कारण साधं आहे. बाळंतपणाच्या दोन टेबलांमध्ये पडदा नसतो, एकीची सासू आली की दुसरीला संकोच. म्हणून आधी पडदे द्या, आणि प्रत्येक टेबलाशी एक स्टूल. सोबत येणारीला आठव्या महिन्यात आरोग्य केंद्रात एक दिवस शिकवा. जिचं कोणी नाही तिच्यासाठी आशा किंवा जुनी सुईण चालेल असं लेखी काढा, त्या तासांचा मोबदला धरा.

माझ्या यादीत सध्या चार गरोदर आहेत. पहिलीची तारीख दिवाळीनंतरची. तुझी सासू आत तुझ्याजवळ असेल, असं मी तिला सांगू का, एवढं कळवावं.

आपली,
एक आशा, पेठ तालुका, जि. नाशिक